अर्धमागधीचा समाधानी वर्ग

गाडीवान दादूची बैलगाडी हरीच्या नागावच्या घराच्या अंगणात वळली आणि तिच्यातून उतरले कोण, तर केळशीकर सर! हरी कपाळाला हात लावून त्यांची पिशवी घ्यायला पुढे झाला.

मुंबईच्या त्या अख्ख्या कॉलेजात एम.ए.ला अर्धमागधी ही जुनी प्राकृत भाषा घेणारा हरी एकटाच. घेतली तीही भिडेपोटी. विषय निवडायच्या दिवशी म्हातारे केळशीकर सर रिकाम्या वर्गाच्या दाराशी असे केविलवाणे उभे होते, की याचा पाय पुढे निघेना. मग रोज सर विचारायचे, "कळलं ना?" हा बिचारा मान डोलवायचा. सर खूश होऊन आणखी अवघड पाठ काढायचे. आता अलिबागच्या शाळेत इतिहासाच्या मास्तराची जागा चालून आली होती. पोरांना इतिहास शिकवावा, ही हरीची लहानपणापासूनची हौस. उत्तरासाठी हेडमास्तर उद्यापर्यंतच थांबणार होते. आणि आजच सर, मे महिन्याच्या सुट्टीत शिकवणी बुडायला नको म्हणून, बोटीने रेवसला उतरून हजर!

"कॉलेज सोडतोय म्हणून सांगून टाक एकदाचं," त्याची आई दुर्गाबाई स्वयंपाकघरातून कुजबुजली.

"जेवण झाल्यावर सांगतो."

जेवायला फणसाच्या रसात वाफवलेली सांदणं होती. "कशी झालीत?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"उत्तम!" सर म्हणाले.

झालं! उत्तम म्हणणाऱ्या पाहुण्याला कोकणात कोण सोडतं? दोन वाढली. ती संपवून सर पुन्हा "उत्तम" म्हणाले, पुन्हा दोन. कपाळावर घाम फुटला तरी गृहस्थ "वा, वा" म्हणतोच आहे. शेवटी पानावरून उठले ते थेट विहिरीपाशी जाऊन पोट धरून बसले.

हरी धावला. "सर, काय होतंय?"

"अरे, मला फणसाचा वाससुद्धा सोसत नाही!"

"मग बोलला का नाहीत?"

"त्या माउलीने इतक्या मायेने केलेलं. कसं बोलू?"

हरीला एकदम भडभडून आलं. "सर, मलाही अर्धमागधी सोसत नाही. पहिल्या दिवसापासून."

 सरांचा चेहरा एकदम खुलला. "अरे गाढवा, मला तरी कुठे सोसते! मी संस्कृतातला माणूस. प्रिन्सिपॉलांनी गळ घातली आणि मी अडकलो. तू एवढा खुशीत शिकतोयस म्हणून ओढत होतो रे!"

दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. वर्षभरात हरीला सर इतके आवडले नव्हते.

प्रिन्सिपॉलसाहेब हवापालटाला अलिबागेतच उतरले होते. सकाळी गुरुशिष्य दादूच्या गाडीतून छाती काढून निघाले. आधी साहेबांना अर्धमागधी पुरे म्हणून सांगायचं, मग शाळेत जायचं. दुपारी परत आले तेव्हा दोघांच्या माना खाली.

"साहेब फार खूश झाले हो," सर दुर्गाबाईंना म्हणाले. "आम्ही तोंड उघडायच्या आत म्हणाले, असा समाधानी वर्ग दुसरा नाही. येत्या वर्षी जोडीला पाली भाषाही शिकवा."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

सरांनी हरीकडे पाहिलं. हरीने जमिनीकडे.

"बरं म्हणालो," हरी पुटपुटला.

"आणि शाळा?"

"त्यांना बरं म्हटल्यावर तिकडे कुठल्या तोंडाने जाणार?"

दुर्गाबाईंनी पदर खोचला. "दादू, बैल सोडू नको!"

"न्हाय सोडत, काकी."

"आई, तू कुठे?"

"आधी साहेबाकडे, मग हेडमास्तरांकडे. एवढं मोठं तुमचं विद्यापीठ, पण नकार द्यायला तिथे कोणी शिकवत नाही वाटतं!"

गाडी वाडीबाहेर पडली. सर घाबरून म्हणाले, "हरी, धाव रे! बाईंना थांबव!"

"नाही," हरी म्हणाला.