अमेरिकेतल्या बायका आणि हमीदाबी

हमीदाबी कुठल्याही कादंबरीचा शेवट आधी ऐकायची. मी पुस्तक उघडलं, की भाकरी थापता थापता विचारायची, "सुटली का गो ती?" सुटली नसेल तर पुस्तक खलास. "ठेव तिकडे. मला वेळ नाही."

मुलांनो, दुबई तेव्हा खाडीच्या दोन काठांवर मावत होती. तुमच्या आजोबांची नोकरी बँकेत, आणि आमच्या भिंतीला भिंत लावून रत्नागिरीच्या दाऊदभाईंचं बिऱ्हाड. हमीदाबी त्यांची बायको. तिला अक्षरओळख नव्हती. पण एका अमेरिकन इंजिनिअरची बायको मायदेशी जाताना मला पुस्तकांची पेटी देऊन गेली, आणि तेव्हापासून अमेरिकन साहित्यावर हमीदाबीइतकं परखड बोलणारं माणूस मी पाहिलं नाही. कॉलेजातले माझे इंग्रजीचे प्राध्यापक तिच्यापुढे फारच मवाळ.

पेटीतल्या बहुतेक कादंबऱ्या काळ्या गुलाम बायकांच्या, मेक्सिकन मोलकरणींच्या. सगळ्यांना कुठून ना कुठून सुटायचं असायचं. मी मराठीत सांगायची, हमीदाबी निकाल द्यायची.

"शेवटी ती नदीत बुडते आणि मुक्त होते," मी म्हटलं.

"मेली म्हणजे सुटली? लिहिणाऱ्याला विचार, तू कधी सुटतोस?"

दुसऱ्या कादंबरीत एका गोऱ्या साहेबानं मोलकरणीला सोडवून तिच्याशी लग्न केलं.

"म्हणजे घर बदललं. पुढचं काढ."

ह्या घाईचं कारण मला ठाऊक होतं. तिची मुलगी नफीसा आजोळी राहून मॅट्रिक होऊन दुबईला आली होती, मुंबईला नर्सिंगमध्ये जागाही मिळाली होती. दाऊदभाईंनी मात्र शारजातल्या चुलतभावाशी तिचं लग्न ठरवत आणलं होतं. जगातल्या सगळ्या लेखकांना झापणारी हमीदाबी नवऱ्यापुढे ह्यावर अवाक्षर काढत नव्हती.

पेटीच्या तळाशी सापडलेलं एकच पुस्तक पास झालं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी धोब्याची मुलगी, बाप लग्न लावत असताना घर सोडते आणि डॉक्टर होते. हमीदाबीनं ही गोष्ट गच्चीवर बांगडे वाळवताना शेजारणींना सांगितली, पण आपल्या पद्धतीनं. धोब्याचा कोळी झाला, बंदराचं नाव गळालं, आणि मुलगी अजून घरातच अडकलेली. चार दिवसांत ती मुलगी दापोलीकडची असल्याचं सर्वांचं एकमत झालं. एक शेजारीण तिच्यासाठी नारळाच्या वड्या घेऊन माझ्याकडे पत्ता विचारायला आली. मी खरं सांगणार, तेवढ्यात हमीदाबीनं मला चिमटा काढला.

त्या शुक्रवारी दाऊदभाई नमाजाला गेले, तिथे ही गोष्ट ऐकून तणतणत आले. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं.

"पोरगी शिकते म्हणते, नि हा बाप तिला कुणाच्या तरी गळ्यात बांधतो! असा बाप मी असतो ना, तर खाडीत उडी मारली असती!"

"खाडी समोरच आहे," हमीदाबी म्हणाली. "जाण्याआधी नफीसाचं तिकीट काढा."

मी भिंतीला कान लावला. माझी आमटी उतू गेली.

मग दाऊदभाई खाकरले. "बोट कधी आहे?"

मी हुश्श करून खाली बसले.

तो बाप पुस्तकातला होता हे त्यांना कळलं, तेव्हा नफीसा दुसऱ्या वर्षाला होती. त्यांनी एवढंच विचारलं, "मग त्या वड्या कुणी खाल्ल्या?"

पण हे पुढचं. नफीसाची लाँच बोटीकडे निघाली तेव्हा हमीदाबी रडली नाही. उलट, "जा, यल्ला!" म्हणून अरबीत घाई करत हात हलवत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पाटी घेऊन माझ्या दारात उभी.

"वहिनी, मला अक्षरं शिकव."

"अगं, नफीसाचं पत्र आलं की मी दाखवीन ना वाचून."

"तू नको वाचू." ती पाटी पदरानं पुसत राहिली. "पोरीनं तिकडे रडून काही लिहिलं, तर ते मला एकटीला कळू दे."