सातवा रोजा

सुटीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने ऑम्लेट केलं, बायकोच्या पुढ्यात ठेवलं आणि तिने ती ताटली शांतपणे त्याच्याकडे परत सरकवली.

"तुम्ही खा," ती म्हणाली.

बस, एवढंच. ओट्यावर तेल सांडलं होतं, टरफलं बेसिनमध्ये पडली होती, नॅपकिनचं एक टोक जळलं होतं, आणि तिने त्यातल्या कशावरही तोंडातून ब्र काढला नाही. उलट ती हसली. नवऱ्याच्या काळजात चर्र झालं. अठरा वर्षांच्या संसारात जळक्या नॅपकिनकडे बघून हसताना त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं.

खरी गोष्ट अगदी साधी होती. गेल्या रमजानमधले तिचे सात रोजे राहिले होते. बायकांचे काही दिवस राहतातच, आणि ते पुढचा रमजान यायच्या आत एकेक करून भरून काढायचे असतात. अठरा वर्षं ती हे काम नवरा ड्युटीवर गेला की गुपचूप उरकत आली होती. नवऱ्याची समजूत अशी, की बायकांचे राहिलेले रोजे आपोआप होतात, जसे धुतलेले कपडे आपोआप कपाटात जातात.

यंदा मात्र तिने मनाशी काहीतरी वेगळं ठरवलं होतं. रोजा नुसता पोटाचा नको, जिभेचाही हवा. चिडायचं नाही, कुणाला टाकून बोलायचं नाही. असा एक दिवस जरी निभावला तर येणारा अख्खा महिनाही तसाच निभावायचा, अशी तिने स्वतःलाच अट घातली होती. अट सोपी नव्हती, कारण बाईचा पारा चढायला वेळ लागत नसे. औषधांच्या दुकानात ती काउंटरवर बसायची. पहिल्या रोज्याला एका गिऱ्हाइकाने अर्धी चघळलेली गोळी 'कडू आहे' म्हणून परत आणली. दुसऱ्या रोज्याला वरच्या मजल्यावरच्या ओल्या चादरी तिच्या सुकलेल्या चादरींवर ठिबकल्या. सहाच्या सहा दिवशी ती उपाशी राहिली आणि कडकडून भांडली. रोजे झाले, पण तिच्या लेखी ती नुसतीच भूक होती. आता हातात राहिला होता सातवा, आणि संध्याकाळी चांद दिसला तर उद्यापासून रमजान. सांगायचं तर कुणालाच नव्हतं. सांगितलं की लोक कौतुक करतात, आणि मग रोजा अल्लाहसाठी कमी आणि शेजाऱ्यांसाठी जास्त होतो, असं तिचं मत होतं.

नवरा तडक आतल्या खोलीत गेला. तिथे त्याची अम्मी खिडकीपाशी चष्मा पुसत बसली होती.

"अम्मी, ही रागावलीय."

"ओरडली?"

"नाही."

"भांडी आपटली?"

"नाही ना! हसली."

अम्मीने पुसायचं थांबवलं. "मग प्रकरण मोठं आहे. काय केलंस ते आठव आणि सरळ जाऊन सांगून टाक."

"पण मी केलंय काय?"

"ते तुला माहीत. मी तर फक्त आई आहे."

दुपारी एक वाजता नवरा वरण-भाताचं ताट घेऊन बायकोपुढे उभा राहिला. तिने मान हलवली. "भूक नाही हो," ती इतक्या गोड आवाजात म्हणाली की त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. त्याने ताट स्टुलावर ठेवलं आणि समोर मांडी घातली.

"तुझ्या मावशीचंच ना? तुला कळलं ना?"

बायकोला काहीच कळलं नव्हतं.

"त्या दिवशी मावशी आल्या तेव्हा मला ओव्हरटाइम नव्हता," त्याने भडाभडा सांगून टाकलं. "मी आपल्याच गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत बसलो होतो. चार तास. त्या लिफ्टने खाली गेल्या ना, ते मी वरून मोटर बघूनच ओळखलं. मग उतरलो."

बायको थक्क झाली. त्या दिवशी तिने मावशीला 'बिचारे राबतात हो' असं दहादा सांगितलं होतं. मावशीने जाताना जावयासाठी दुआ केली होती! जिभेच्या टोकावर जे आलं ते तिने दातांच्या आत अडवलं, मनात तीनदा तौबा केली आणि म्हणाली, "असू दे. होतं असं कधी कधी."

इथे तिने 'माझा रोजा आहे' एवढं सांगितलं असतं तर ही गोष्ट संपली असती. कुणी भांडायला आलं तर 'माझा रोजा आहे' असं सांगावं, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. पण इथे भांडायला कुणी आलंच नव्हतं. समोरचा माणूस माफी मागत होता. आणि खरं सांगायचं तर, याच्या पोटात आणखी काय आहे ते ऐकण्याची तिला आता ओढ लागली होती. त्याला ती सबुरी म्हणत होती. म्हणो बापडी.

'असू दे' ऐकून नवऱ्याची पाचावर धारण बसली. तो पुन्हा अम्मीकडे पळाला.

"सांगितलं. तरी जेवत नाही."

"मग चुकीची गोष्ट सांगितलीस," अम्मी म्हणाली. "त्याच्यापेक्षा मोठी शोध."

तीन वाजता त्याने बोक्याचं सांगितलं. त्या बोक्याला घरात नवाब म्हणत. गेल्या थंडीत तो पळून गेला होता आणि बायकोने आठ दिवस डोळे सुजवून घेतले होते.

"तो पळाला नाही," नवरा जमिनीकडे बघत म्हणाला. "माझ्या उशीवर झोपायचा. मी त्याला हत्यारांच्या पिशवीतून नेला आणि एका दाताच्या डॉक्टरांना दिला. मी लिफ्ट बघतो त्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दवाखाना आहे. बरा आहे तो. चांगला जाड झालाय. पेशंटच्या मांडीवर बसतो."

बायकोच्या पायाखालची जमीन सरकली. "तुम्ही माझ्याबरोबर त्याला शोधायला आला होतात," ती हळू म्हणाली. "टॉर्च घेऊन. गटारात वाकून हाका मारत होतात."

"हो. मला तेव्हा फार वाईट वाटत होतं."

तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. ओठ हलत होते पण आवाज नव्हता. नवऱ्याने ते पाहिलं आणि ती आपल्याला शाप देतेय अशी त्याची खात्री पटली. प्रत्यक्षात ती, मला आवर, मला आवर, एवढंच म्हणत होती. नवऱ्याने बाल्कनीत जाऊन तिच्या थोरल्या भावाला फोन लावला.

भाऊ शिंपी होता. बहिणीने सकाळपासून अन्नाला हात लावलेला नाही आणि ओरडतही नाही, हे ऐकून तो गळ्यात टेप तसाच ठेवून आला. दारातून आत पाऊल टाकताच त्याने बहिणीचा चेहरा पाहिला आणि मेहुण्याकडे वळून भडकला.

"तू सांगितलंस? माझं नाव का घेतलंस?"

"मी कुठे काय सांगितलं!" नवरा किंचाळला.

"काय सांगितलं नाही?" बायकोने विचारलं. आवाज अजून गोडच होता, पण त्याला आता धार आली होती.

भावाने टेप गळ्यातून काढून हातात घेतला. "अगं, तुझा तो निकाहचा जोडा. दर ईदला तू घालून बघतेस ना, की अठरा वर्षांनीही अंगाला बरोब्बर बसतो म्हणून?"

"बसतोच."

"बसतो, कारण हा दरवर्षी गुपचूप माझ्याकडे आणून देतो आणि मी बगलेत एक-एक बोट सोडत जातो. बारा वर्षांपूर्वी आतलं कापड संपलं. तेव्हापासून जोड देतोय. आता त्यात मूळचं म्हणशील तर गळा आणि डावी बाही."

बायकोने आजवर हा जोडा नणंदांना दाखवला होता, दुकानातल्या बायकांना त्याचे किस्से ऐकवले होते, आणि एका शेजारणीला 'जिभेवर ताबा ठेवला तर जमतं' असा सल्लाही दिला होता. ते सगळं आठवून तिचे कान तापले. दोघांना उभं-आडवं सोलावं असं तिला वाटलं. तिने घड्याळाकडे पाहिलं. सूर्य मावळायला चाळीस मिनिटं होती.

"छान शिवलंय," ती कशीबशी म्हणाली. "जोड कळत नाही."

भाऊ मटकन खाली बसला. बहिणीकडून शिवणाचं कौतुक त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

आता नवऱ्याचे डोळे भरून आले. त्याच्यापाशी एकच गोष्ट राहिली होती आणि ती सांगायची त्याची हिंमत नव्हती. पण बाई अशी उपाशीच गेली तर, या भीतीने त्याने तोंड उघडलं.

"गेल्या रमजानमध्ये तीन दिवस माझा रोजा नव्हता. तेवीस मजल्यांची इमारत होती, लिफ्ट बंद, दोरखंड खांद्यावर. पहिल्या दिवशी चक्कर आली म्हणून चहा घेतला. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी चक्कर नव्हती आली. बिस्किटं पण खाल्ली." त्याने नाक ओढलं. "आणि संध्याकाळी तू पहिला खजूर माझ्या हातात द्यायचीस. दमलात हो, म्हणायचीस. तो खजूर माझ्या घशाखाली उतरायचा नाही."

याचा तिला धक्का बसला नाही. याने तिच्या आत काहीतरी दुखलं. ते तीन खजूर तिला आठवले. ताटातले सर्वांत मोठे निवडून द्यायची ती. मग त्या दुखण्यामागून राग आला, आणि असा आला की सहा रोज्यांत मिळूनही तेवढा आला नव्हता. मावशी, नवाब, जोडा, खजूर. तिने डोळे मिटले. दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं. सूर्य मावळला, रोजा सुटला, की कुठून सुरुवात करायची ते तिने मनात पक्कं करून टाकलं.

अजान झाली. त्याच क्षणी अम्मी आतून ट्रे घेऊन बाहेर आली. ट्रेमध्ये पाण्याचा पेला आणि तीन खजूर होते.

"घे, सूनबाई. सातवा ना?"

नवरा बघतच राहिला. "रोजा होता? म्हणजे तू रागावलेली नव्हतीस?"

"सकाळी नव्हते," बायको खजूर चावत म्हणाली.

"अम्मी! तुला माहीत होतं?"

"सातही माहीत होते. पहाटे अंधारात चाचपडत एकटी खाते, मला काय ऐकू येत नाही? म्हटलं, रमजान येतोय, तुझंही मन जरा झाडून-पुसून होईल." अम्मीने मुलाकडे खालून वर पाहिलं. "मला कुठे ठाऊक, आत इतका पसारा असेल!"

बायकोने पाणी पिऊन संपवलं. पेला ट्रेमध्ये ठेवला, ओढणी खांद्यावर नीट घेतली आणि उभी राहिली. भावाने भिंतीला पाठ टेकवली.

"आता," ती म्हणाली, "माझं ऐका."

आणि गच्चीवरून आरोळी आली. "चांद! चांद दिसला!" जिन्यात धावपळ सुरू झाली, दारं उघडली, माणसं एकमेकांना मुबारक देऊ लागली.

बायकोचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. "पण रोजा उद्यापासून," ती म्हणाली. "आत्ता तर नाही ना?"

"महिना चांद दिसल्यापासूनच लागतो गं," भाऊ घाईघाईने म्हणाला.

एक दिवस निभावला तर महिना निभावायचा, ही अट तिची स्वतःची होती, आणि दिवस तर निभावला होता. तिने तोंड मिटलं, दात आवळले आणि सर्वांकडे बघून म्हणाली, "रमजान मुबारक."

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. राहिलेले तीन रोजे ईद होताच भरून काढीन, असं त्याने न विचारता कबूल केलं. मग तो विचारात पडला.

"म्हणजे आता महिनाभर तू रागावणार नाहीस?"

"नाही."

"काहीही झालं तरी?"

"काहीही झालं तरी."

"नक्की?"

तिने मान डोलावली. भाऊ हळूच आपल्या चपला शोधू लागला. नवऱ्याने खुर्ची पुढे ओढली, हाताने पुसली आणि बायकोपुढे ठेवली.

"मग बस जरा," तो म्हणाला. "अजून दोन गोष्टी आहेत."