पुढच्या स्थानकापर्यंतची पर्यायी व्यवस्था

दोन स्थानकांमधला मार्ग तपासणीसाठी बंद ठेवण्यात आला होता आणि प्रवाशांची गैरसोय होऊ नये म्हणून प्रशासनाने सर्व ती काळजी घेतली होती. पुढचा सगळा घोळ या काळजीतून झाला.

ही दोन स्थानकं इतकी जवळ होती, की या फलाटाच्या टोकाला उभं राहिलं की त्या फलाटावर कोण जांभई देतंय ते दिसे. मध्ये एक नाला आणि त्यावर रुळांचा पूल. पूल हलतो, अशी कुणीतरी तक्रार केली होती. तो हलत नाही असं ठरेपर्यंत बंद राहणार होता.

त्या सकाळी बत्तिशी तिकीट काढून फलाटावर आले. बत्तिशी हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. दंतवैद्यांना कवळ्या बनवून देणं हा त्यांचा धंदा, म्हणून सगळी गल्ली त्यांना तसं म्हणे. आज त्यांच्या खिशात रुमालात गुंडाळलेली एक कवळी होती, आणि ती सख्ख्या भावोजींची होती. भावोजी रेल्वेच्या पर्यायी व्यवस्था विभागाचे प्रमुख. आज ते निवृत्त होणार होते आणि पुढच्या स्थानकाच्या सभागृहात त्यांचा सत्कार होता. आदल्या दिवशी भाषणाची तालीम करताना त्यांनी 'कार्यक्षमता' या शब्दावर इतका जोर दिला, की कवळी तोंडातून सुटली आणि फरशीवर पडून तडकली. बत्तिशींनी ती सांधली, घासली, गुळगुळीत केली आणि ते निघाले.

"गाडी नाही," तिकीट तपासनीस म्हणाला. "बस आहे."

"बस कशाला? मी चालत जातो. ते काय, समोर दिसतंय."

"तिकीट काढलंय ना? मग तुम्ही प्रवासी झालात. प्रवासी चालत गेला तर त्याची वाहतूक कोणी केली म्हणायची?"

"मग तिकीट रद्द करा. पैसे नकोत मला."

"पैसे नको असलेल्यांची खिडकी वेगळी आहे," तपासनीस समजुतीच्या सुरात म्हणाला. "पुढच्या स्थानकात."

खरं तर बत्तिशींना कोणी धरून ठेवलं नव्हतं. जिना उतरून चालायला लागले असते तर भावोजींचं तोंड वेळेत भरलं असतं. पण काढलेलं तिकीट फुकट घालवायचं त्यांच्या जिवावर आलं. शिवाय बसमध्ये खिडकीची जागा रिकामी होती.

बस सुटली ती उलट्या दिशेला. पुढच्या स्थानकाकडे जाणारा रस्ता रुळांखालच्या बोगद्यातून जात होता आणि बोगदा बुटका होता. प्रवाशांना ऐसपैस वाटावं म्हणून विभागाने मुद्दाम उंच बस मागवली होती. त्यामुळे तिला मागच्या फाटकातून रूळ ओलांडून, वळसा घालून यावं लागणार होतं. फाटक बंद होतं.

चालकाने भोंगा वाजवला. फाटकवाला खोलीतून सावकाश बाहेर आला.

"लाइन बंद आहे ना?" बत्तिशींनी खिडकीतून विचारलं. "मग फाटक उघडा की."

"गाडी गेली की फाटक उघडतो."

"पण गाडी येणारच नाही."

"तेच तर. आली नाही तर जाणार कशी?"

बसमधल्या लोकांना हे पटलं. एक बाई म्हणाल्या, माणूस नियमाने वागतोय, उगाच त्याच्यावर का चिडायचं. मागच्या बाकावरचा एक गृहस्थ म्हणाला, निदान बसायला तरी मिळालंय. काहींनी चपला काढून पाय वर घेतले.

तेवढ्यात ताईचा फोन आला.

"अरे, कुठे तडफडलायस? हार आले, पाहुणे आले, हे तोंडावर रुमाल धरून बसलेत. लोकांना वाटतंय, निरोपाच्या दुःखाने रडताहेत."

"ताई, फाटकाशी अडकलोय. भावोजींना दे जरा. त्यांचंच खातं आहे, त्यांनीच हुकूम द्यावा."

ही युक्ती सुचल्याचा बत्तिशींना फार आनंद झाला. त्यांनी खिडकीतून फोन फाटकवाल्याच्या कानाला लावला. साहेब स्वतः बोलताहेत म्हटल्यावर तो ताठ उभा राहिला. पलीकडून भावोजींनी बस सोडण्याचा स्पष्ट आदेश दिला. मात्र दातांअभावी तो असा आला:

"बह होडा. ताबहतोब बह होडा."

फाटकवाल्याने फोन परत दिला. "साहेब होडी म्हणाले."

"होडी नव्हे हो. बस सोडा म्हणाले."

"साहेबांचं मला जास्त कळतं की तुम्हाला? 'बह' म्हणजे बहुतेक. बहुतेक होडी. पक्कं नसेल अजून. पण आदेश तो आदेश."

आणि इतकी वर्षं ढिम्म असलेलं ते खातं कधी नव्हे ते तडफेने हललं. बस मागे फिरून नाल्याच्या काठाशी, म्हणजे निघाली होती त्या स्थानकाच्या परसात, येऊन उभी राहिली. थोड्याच वेळात ट्रकवरून एक होडी आली. बागेतल्या तळ्यातली, हंसाच्या आकाराची, पायांनी चालवायची. हमालांनी ती नाल्यात ठेवली. नाल्यात थेंबभरही पाणी नव्हतं.

"आणि पाणी?" बत्तिशींनी विचारलं.

"पाण्याबद्दल साहेब काही बोलले नाहीत," सोबत आलेला अधिकारी म्हणाला.

प्रवासी रांगेने होडीत बसले. बत्तिशीही बसले, कारण सगळेच बसत होते. पुढच्या दोघांनी पायडल मारायला सुरुवात केली. हंस जागचा हलेना. मग मागच्यांनी पुढच्यांना दोष दिला, पुढच्यांनी मागच्यांच्या वजनाला. पलीकडच्या काठावरून सनईसारखं काहीतरी ध्वनिक्षेपकातून ऐकू येऊ लागलं, तेव्हा मात्र बत्तिशींचा धीर सुटला. त्यांनी विजार वर केली, पाय बाहेर टाकला आणि ते कोरड्या वाळूत उभे राहिले.

"अहो, काय करताय?" मघाच्या बाई ओरडल्या. "तोल जाईल आमचा."

"उतरा तुम्हीही. जमीनच आहे खाली."

"शिकलेले दिसता," मागच्या बाकावरचा गृहस्थ म्हणाला, "आणि चालत्या होडीतून उतरता?"

बत्तिशी नाला ओलांडून, दरड चढून सभागृहात शिरले, तेव्हा भावोजींचं भाषण संपत आलं होतं. त्यातला एकही शब्द माणसाच्या भाषेतला नव्हता. सभागृह मात्र उभं राहून टाळ्या वाजवत होतं. रेल्वेचे सर्वात मोठे साहेब डोळे पुसत म्हणाले, इतकं सडेतोड भाषण या खात्यात आजवर झालं नाही, आणि त्यांनी तिथल्या तिथे भावोजींना मुदतवाढ जाहीर केली.

बत्तिशींनी भावोजींना खांबाआड गाठून त्यांच्यासमोर रुमाल उलगडला. भावोजींनी कवळीकडे पाहिलं, मग अजून टाळ्या वाजवणाऱ्या लोकांकडे. त्यांनी रुमालाची टोकं नीट जुळवली आणि तो मेहुण्याच्या खिशात परत सारला.

"राहू दे," ते म्हणाले. निदान बत्तिशींना तरी तसं ऐकू आलं.

पूल हलत नाही, हे यथावकाश सिद्ध झालं. गाड्या सुरू झाल्या, पण होडी बंद करण्याचा आदेश कोणाला नीट समजला नाही, त्यामुळे ती अजून नाल्यात आहे आणि तिचा मासिक पासही निघाला आहे. बत्तिशी रोज तिच्या बाजूने चालत जातात आणि होडीतले लोक त्यांच्याकडे कीव करून बघतात. त्यांची नावं इथे देण्यात अर्थ नाही. आपापल्या जागेवरून ते हीच गोष्ट वाचताहेत आणि लोक किती मूर्ख असतात म्हणून हसताहेत. हसा, पण जरा सरकून बसा. मागून आणखी माणसं येताहेत.