बाकावरचा इंटरव्ह्यू

आमच्या तात्यांच्या दाराची बेल वाजवली की दार लगेच उघडतं, पण आत जाता येत नाही. तात्या तुमचं नाव विचारतात, काम विचारतात, व्हरांड्यातल्या लाकडी बाकाकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "बसा, उमेदवार. बोलावतो." मग दार बंद. कधी पाच मिनिटं, कधी पाऊण तास.

यातून कोणाचीही सुटका नाही. गॅसचा सिलिंडर आणणारा बसतो. लाइटचं मीटर बघायला आलेला माणूस बसतो, जरी मीटर बाहेरच, बाकाच्या डोक्यावर असलं तरी. तात्यांच्या पुतणीला बघायला आलेला मुलगा आईवडिलांसकट तासभर बसला होता. आत पोहे गार होऊन गोळा झाले, बायका डोक्याला हात लावून बसल्या, आणि तात्या खिडकीच्या फटीतून बघत होते. शेवटी म्हणाले, "पोरगं बसकं हाय. एकदाबी पाय हालवला न्हाई. द्या पोरगी." दिली. संसार चांगला चाललाय म्हणे, त्यामुळे तात्यांना बोलायची कोणाची टाप नाही.

आम्ही चिखलीत तात्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, बारा वर्षं झाली. तात्या इथले मूळचे. त्यांचं रान कारखान्यांसाठी गेलं तेव्हा घरटी एकाला नोकरी मिळाली, ती यांना. शिक्षण आठवी, म्हणून शिपाई केलं आणि कामगार भरतीच्या ऑफिसबाहेर स्टुलावर बसवलं. पुढची तीस वर्षं तात्यांनी तिथे बसून नावं पुकारली. बाकावर हजारो माणसं येऊन बसली, आत गेली, बाहेर आली. तात्या रिटायर झाले त्याच साली ऑफिसात नवं फर्निचर आलं आणि बाक भंगारात निघाला. तात्यांनी टेम्पो करून तो घरी आणला. काकू तेव्हा होत्या. "सवत आणली," म्हणाल्या होत्या.

त्या तीस वर्षांतून तात्यांनी एक शास्त्र काढलं. नोकरी आत मिळत नाही, बाहेर बाकावर मिळते. आतल्या प्रश्नांची तयारी करून घ्या म्हटलं तर ते हात झटकतात. "आतलं मला काय ठावं? माझा सोताचा इंटरव्ह्यूच झाला न्हाई कधी. मी बाहेरचा मास्तर." पण बाहेरचं विचारा, मग बघा. बाकाच्या पुढच्या अर्ध्यावर बसायचं. फाईल मांडीवर, काखेत नाही. दाराकडे टक लावायची नाही. शेजारच्याला 'किती जागा आहेत हो' असं विचारायचं नाही, त्यानं आपलंच तोंड पडतं. पाणी दिलं तर अर्धा ग्लास प्यायचं. आणि पायताण काढायचं नाही. यावर त्यांच्याकडे एक खरी गोष्ट आहे. खेडकडचा एक उमेदवार साहेबाची केबिन म्हणजे देऊळ समजून दाराशी बूट काढून आत गेला, आणि बाहेर येताना घाबरून, त्याचं बघून बूट काढलेल्या दुसऱ्याचेच घालून गेला. त्याला नोकरी लागली होती. पण बूटचोर म्हणून नाव पडेल या भीतीनं बिचारा रुजूच झाला नाही. ज्याचे बूट गेले तो महिनाभर तात्यांकडे चकरा मारत होता.

सगळ्यात वरचा नियम मात्र एकच. "बाकावरनं उठायचं न्हाई. आभाळ कोसळू दे. उठला तो गेला."

हे त्यांना कसं कळलं, तर साहेब त्यांना विचारायचे. उमेदवार बाहेर गेला की घंटी वाजवून तात्यांना आत घ्यायचे आणि म्हणायचे, "काय तात्या, कसा वाटला बाहेर?" तात्या दोनच शब्द वापरत, 'बसका' आणि 'चुळबुळ्या'. साहेब मान हलवून कागदावर खूण करायचे. हे सांगताना तात्यांची मान अजून ताठ होते.

मी हे सगळं बारा वर्षं हसण्यावारी नेलं. मग माझ्यावरच वेळ आली.

भोसरीतल्या ज्या कंपनीत मी अठरा वर्षं पार्ट तपासत होते ती मालकानं दुसऱ्या राज्यात नेली. वय त्रेचाळीस. जाहिरात उघडावी तर 'पस्तीसच्या आतील'. दोन ठिकाणी जाऊन आले, दोन्हीकडे 'कळवू' म्हणाले. एका रविवारी आमच्या यांनी गावाकडच्या घराचे पत्रे बदलायचा विषय काढला, आणि काय ते मी समजले. चाकणच्या एका कंपनीत तिसरा इंटरव्ह्यू होता. तो गेला तर खोली सोडून बार्शीकडे परत जायचं, असं ठरलं. मुलगी दहावीत. तिनं ते ऐकलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. मला तेच जास्त लागलं.

तेव्हा मी खाली गेले आणि मुकाट्याने बाकावर बसले.

तात्यांनी आठ दिवस मला बसवलं. रोज सकाळी एक तास. मी बसायचे, ते खिडकीतून बघायचे. कधी मुद्दाम आत भांडं पाडायचे, बघायचे मी दचकते का. एकदा वरून माझं दूध उतू गेल्याचा वास आला. मी कळवळून म्हटलं, "तात्या, दूध." आतून आवाज आला, "दुधाला नोकरी लागनार हाय का तुला?" मी बसून राहिले. पातेलं घासताना तात्यांच्या नावानं जी बोटं मोडली ती मोडली.

इंटरव्ह्यूच्या दिवशी मी चाकणला साडेनऊलाच पोहोचले. बाहेर लोखंडी खुर्च्यांची एक रांग आणि आम्ही पाच बायका. मी फाईल मांडीवर घेतली, खुर्चीच्या पुढच्या अर्ध्यावर बसले. माझ्यासारखी बसलेली दुसरी कोणी नव्हती, एवढं मी पाहून घेतलं.

शेजारी एक बाई होती, तिशीची असेल. रात्रपाळी करून तशीच आली होती. थोड्या वेळानं तिचं डोकं माझ्या खांद्याला लागलं. "ताई, गरगरतंय," म्हणाली. "काही खाल्लं नाही कालपासून." तिचे ओठ पांढरे पडले होते. बाकीच्या तिघी दाराकडे टक लावून होत्या. मी पण दोन मिनिटं बसून राहिले, खोटं कशाला बोलू. डोळ्यांपुढे मुलीचं मिटलेलं पुस्तक होतं, आणि कानात तात्या. उठला तो गेला.

मग मी उठले. आठ दिवसांची तपश्चर्या पाण्यात. पिण्याचं पाणी पार कॅन्टीनपाशी. तिथल्या माणसाच्या हातापाया पडून बाटलीभर पाणी आणि मूठभर साखर घेतली आणि धावत परत आले. गेटवरचा सिक्युरिटीवाला म्हणाला, "मॅडम, तुमचं नाव घेतलं. तुम्ही नव्हता. पुढचीला पाठवलं."

मी साखर त्या बाईच्या हातावर ठेवली आणि खुर्चीत बसले. मागे टेकून बसले. आता कशाला पुढच्या अर्ध्यावर बसायचं, असं झालं. मला रडू येत होतं. त्या बाईचा रागही येत होता आणि रागाची लाजही वाटत होती.

सगळ्यांचं झाल्यावर मला आत बोलावलं. दोन साहेब. एकानं टेबलावर पार्ट आणि मापायचा व्हर्नियर ठेवला, मोजा म्हणाला. अठरा वर्षं जे केलं तेच केलं. "साहेब, मापात कमी आहे. रिजेक्ट," म्हटलं. दुसऱ्यानं विचारलं, "नाइट जमेल?" जमेल म्हटलं. "सोमवारपासून या." संपलं. कुठे गेला होतात, एवढंही कोणी विचारलं नाही. मी चप्पल घालूनच आत गेले होते, तीही कोणी पाहिली नाही. आणि ती रात्रपाळीवालीसुद्धा लागली, पॅकिंगला.

येताना पेढे घेतले आणि आधी तात्यांकडे गेले. बातमी सांगितली. तात्या खूश झाले, पण त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "बाकावर कशी बसलीस ते सांग."

थाप मारली असती तर खपली असती. पण पेढा हातात असताना मला काही खोटं बोलवेना. सांगितलं सगळं. उठले, पाणी आणलं, नाव गेलं, शेवटी बोलावलं.

तात्यांचा पेढा धरलेला हात थांबला. "उठलीस? आन् घेतलं?"

"घेतलं."

"बाहेर बसल्यालं कोन होतं? ध्यान ठेवाया?"

"कोणीच नाही तात्या. सिक्युरिटीवाला होता, तो मोबाइल बघत होता. आता असं कोणी बसत नाही."

तात्या दार उघडं टाकून बाहेर आले. मग स्वतःच बाकावर येऊन बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना बाकावर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"एक जन व्हता," ते म्हणाले. "तुज्यासारखाच. पाचदा उठला. उठायचा, भाईर जायचा, परत यायचा. साहेबानं इचारलं, मी म्हनलो, चुळबुळ्या हाय. साहेबानं फुली मारली. सांच्याला मी सुटलो, तर गेटाभाईर झाडाखाली त्याची बायको. मांडीवर तान्हं लेकरू, तापानं फणफणल्यालं. ह्यो नळावर फडकं भिजवाया उठत व्हता. मला बघून त्यानं हात जोडले. म्हनला, तात्या, कधी कळवतील? मी म्हनलो, कळवतील."

मी पेढ्यांचा पुडा मध्ये ठेवून बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"त्या दिसापासनं साहेबानं कुनाचंबी इचारलं तरी मी एकच सांगायचो. बसका हाय. मग साहेबाला वाटलं, तात्याचं डोकं फिरलं, समदेच ह्याला बसके दिसत्यात. म्हनून तर लोकांना बसाया शिकवतो, पोरी. म्हनलं, दुसऱ्या कंपनीत माज्यासारखा कुनीतरी भाईर बसल्याला असंल. त्यानं कुनाला चुळबुळ्या म्हनू नये."

आता मला कळलं की ते आठ दिवस खिडकीतून काय बघत होते. दूध उतू गेलं त्या दिवशी मी मोडलेली बोटं मला आठवली आणि फार वाईट वाटलं.

तात्यांनी पेढा परत पुड्यात ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हंजी त्या दिशी भाईर मी नसतो, तर त्याला घेतलं असतं."

वर मुलगी बातमीची वाट बघत होती, तरी मी त्यांच्याशेजारी बसून राहिले.