इंजिनाची ओटी

त्या रविवारी मी फक्त ओंजळभर तांदूळ घ्यायचं ठरवलं. एवढंच. पुढचं सगळं तांदळानं केलं.

कल्याण माझा थोरला. जुन्या मोटारीचा सांगाडा आणून दोन वर्षं त्याच्या मागं लागलेला. सून म्हणायची, "आत्या, ह्यांना पोरीचा ताप कळत न्हाई, इंजिनाचा लगेच कळतो." त्या दिवशी जामखेड, पारनेरची त्याच्यासारखीच (म्हणजे घरच्यांनी आशा सोडलेली) माणसं आपापली जुनी इंजिनं टेम्पोत घालून तिसगावला आमच्या अंगणात येणार होती. एकमेकांना दाखवायची, चालू करायची. कल्याणचं तर पहिल्यांदाच चालू होणार आणि मग गाडीत बसणार.

सकाळी बघते तर इंजिन लोखंडी घोडीवर. सहा सिलिंडर एका ओळीत. फक्रुद्दीन मिस्त्रीनं प्लग काढून ठेवलेले, म्हणून वर सहा भोकं. मला वाटलं, हे आज गाडीत जाणार, म्हणजे लेकच सासरी निघाली. हळदकुंकू लावलं आणि ओटी भरली. सहाही भोकांत, भेदभाव न करता. (सुपारी आत जाईना म्हणून राहिली. देवाचे उपकार.)

मंडळी जमली. फक्रुद्दीन म्हणाला, "आधी प्लगबिगर फिरवू, तेल वर चढू द्या." कल्याणनं बटण दाबलं. इंजिन घरघरलं आणि सहा भोकांतून तांदूळ उडाले! पाहुण्यांच्या टोप्यांवर, मिशांवर, चहात. जामखेडच्या एकानं सवयीनं टाळ्याच वाजवल्या.

"बंद करा! तांदूळ कुनी घातला ह्यात?" फक्रुद्दीन ओरडला.

"ओटी भरली मी."

"आक्का, इंजिनाची?"

"मग? लेकीला रिकामी धाडू का?"

कल्याण मटकन खाली बसला. आता इंजिनाचं वरचं झाकण काढून दाणा न दाणा वेचायचा. पण झाकण काढलं की त्याच्या खालचं गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारा पातळ पत्रा, वाया जातं, आणि तसलं गॅस्केट त्याला वर्षभर हिंडल्यावर एकच मिळालेलं. "आई, संपलं गं सगळं," एवढंच बोलला. मी खाली बसून सांडलेले तांदूळ पदरात गोळा करायला लागले.

तेवढ्यात पारनेरचे गोरक्षनाथ उठले. त्यांचंही इंजिन अगदी असलंच. टेम्पोतून कागदात गुंडाळलेलं कोरं गॅस्केट आणून कल्याणच्या हातात दिलं.

"अहो, मग तुमचं इंजिन?"

"पाच वर्सं बंदच हाय. आनखी राहील. मावशीचं तोंड बघवंना मला."

सगळे बाह्या सारून बसले. मी तांदूळ निवडतात तसे दाणे वेचले. त्यात मात्र माझा हात कुणी धरला नाही. चार वाजता इंजिन असं सुरू झालं, की कल्याणच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही.

आता मंडळी दर महिन्याला येतात. कुणी एका शब्दानं बोललं नाही मला, हे उपकार मी जन्मभर विसरायची नाही. उलट मान वाढला. इंजिन चालू करायच्या आधी मला शाल घालतात, एका हातात चहा, दुसऱ्या हातात बिस्किटं देतात, खुर्चीवर बसवतात. खुर्ची तेवढी रस्त्याच्या पलीकडं, शेजारच्या मालनबाईच्या दारात मांडतात.