स्नेहदीप मंडळाची सुटका

लोकांनी निवडून दिलेलं सरकार उलथवणं हे मोठ्या जबाबदारीचं काम आहे; ते हौशी मंडळींवर सोडता येत नाही. म्हणूनच दोन हजार पाच साली टेक्सासातल्या प्लेनोच्या ‘स्नेहदीप’ मराठी मंडळाचे (सभासद एकशे दहा, गट एकशे अकरा) अध्यक्ष गुरुनाथ खांडेकर यांना पाडायला परदेशी तज्ज्ञ बोलवावा लागला. (प्लेनोतल्या मराठी माणसाला परदेशी म्हणजे अमेरिकन.)

गुरुनाथ रीतसर मतदानाने आले होते. पाडव्याला सासूबाई नागपूरहून यायच्या होत्या. जावई फेटा बांधून स्टेजवर दिसला, की त्यांचं जावयाबद्दलचं मत थोडं तरी सुधारेल, एवढीच बिचाऱ्यांची राजकीय महत्त्वाकांक्षा. पण एक घोर प्रमाद त्यांच्या हातून घडला. संक्रांतीचा दहाचा कार्यक्रम त्यांनी दहाला सुरू केला. (श्रोते: तबलजीची बायको.) बाकीचे आले तोवर भैरवी संपली होती.

असंतोषाचं नेतृत्व मंडळाचाच एक सभासद, रवी, करत होता. त्याच्या शेजारी वॉल्टर राहायचा, कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झालेला. त्याने सात उष्ण देशांना भुईमुगाबद्दल सल्ला दिला होता. सातही ठिकाणी भुईमूग उगवला नाही, सरकार मात्र बदललं. रवीने लॉन कापता कापता गाऱ्हाणं सांगितलं, तसे वॉल्टरचे डोळे पाणावले.

“लष्कर आहे का तुमच्याकडे?”

“लेझीम पथक आहे.”

“पुरेल.”

पाडव्याला आधी चहातली साखर गायब झाली. मग बातमी पसरली, की अध्यक्ष पुढच्या वर्षी श्रीखंड कॅन्सल करून फ्रोझन योगर्ट ठेवणार आहेत. ऐन जेवणात लेझीम पथकाने माइक ताब्यात घेतला आणि रवीने जाहीर केलं, “लोकशाही वाचवण्यासाठी यापुढच्या निवडणुका कॅन्सल केल्या आहेत!”

“अहो, तुम्हीच निवडून दिलंत ना मला?” गुरुनाथ कळवळले. “शुभाकाकू, तुम्ही तरी बोला!”

“बोलले असते रे गुरुनाथ, पण तोंडात पुरी आहे.”

“चला जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या, “फेटा तरी स्वतःचा आहे ना?”

हॉलमध्ये शंभर लोकशाहीप्रेमी होते आणि अन्याय सगळ्यांना स्वच्छ दिसत होता. तुम्ही तिथे असता, तर ताडकन उठला असता, यात शंकाच नाही. फक्त एका हातात पुरीची प्लेट आणि दुसऱ्या हातात श्रीखंडाची वाटी. त्या खाली कुठे ठेवल्या असत्यात, तेवढं सांगा.