अस्तर लावलेली युद्धनौका

रविवारी संध्याकाळी पाच वाजता व्याही युद्धनौका बघायला येणार होते, आणि गुरुवार उजाडला तरी मास्तरांनी तिचं खोकं एकदा उघडून परत झाकण्यापलीकडे काहीही केलं नव्हतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलर मास्तर. पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. हातात कला अशी, की त्यांचा कोट घातला की पोक आलेला माणूसही ताठ दिसायचा. फक्त तो कोट हातात यायला हवा. ठरलेल्या दिवशी गिऱ्हाईक आलं, की मास्तर मशीनवरून मान न उचलता म्हणायचे, "झालंच आहे. फक्त काजं-बटणं राहिलीत." गिऱ्हाईक समाधानानं परत जायचं. कापड तेव्हा घडीतच असायचं.

एका नवरदेवाचा लग्नातला कोट त्याच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला तयार झाला होता. तोवर नवरदेव इतका सुटला होता, की शिवणीत सोडलेली सगळी माया उसवावी लागली. रेषेबाहेर जे जास्तीचं कापड ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. मास्तर सगळ्यांनाच अर्धा इंच माया सोडायचे. "माणूस वाढतो," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे कपडे टाकलेल्यांना वाढायला वेळही भरपूर मिळायचा.

तर या मास्तरांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, गुणी होता. मुलाचे वडील बंदराच्या कचेरीत आयुष्यभर जहाजांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहून निवृत्त झालेले. स्वतः कधी जहाजावर पाऊल ठेवलं नव्हतं, कारण त्यांना बोट लागायची. पण सगळे त्यांना कप्तान म्हणत आणि तेही नाही म्हणत नसत.

बोलणी सुरळीत पार पडली. शेवटी मास्तर घसा खाकरून म्हणाले, "जावईबापूंचा लग्नाचा कोट मी शिवणार."

कप्तानांनी घड्याळाकडे पाहिलं. "मास्तर, तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही. तुमच्या कॅलेंडरबद्दल आहे."

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. मुलगी पाळण्यात होती, तेव्हापासून त्यांनी मनात तो कोट शिवायला घेतला होता. जावई कोण, कसा, काही ठाऊक नव्हतं, पण कॉलर कशी बसवायची ते ठरलेलं होतं. त्या कोटाला दुसऱ्या कुणाची सुई लागणार, ही कल्पनाच त्यांना सहन होईना.

त्यांचा चेहरा बघून कप्तान जरा विरघळले. जाताना त्यांनी पिशवीतून, वाटेत स्वतःसाठी घेतलेलं एक चपटं खोकं काढून टेबलावर ठेवलं. "कागदी युद्धनौका. भाग कापायचे, दुमडायचे आणि चिकटवायचे. मी अशी बरीच केलीत. आजपासून तिसऱ्या रविवारी पाच वाजता येतो. तयार असेल तर कोट तुमचा. नसेल तर दुसरा टेलर आहेच."

दुसऱ्याच दिवशी जावईबापू एकटे दुकानात आले आणि काउंटरवर निळसर राखाडी कापड ठेवून म्हणाले, "काका, बाबांना सांगू नका. कोट तुम्हीच शिवायचा, म्हणून कापड आत्ताच देऊन ठेवतो." मास्तरांना भरून आलं. ते कापड त्यांनी वरच्या फळीवर ठेवलं आणि रोज एकदा काढून त्याच्यावरून हात फिरवू लागले.

युद्धनौकेवरून मात्र हात फिरेना.

"अहो, त्या जहाजाचं काय झालं?" बायको रोज विचारायची.

"झालंच आहे."

"मला नका सांगू. मी गिऱ्हाईक नाही."

अखेर गुरुवारी संध्याकाळी मास्तरांनी खोकं उघडलं. आत जाड कागदाचे मोठाले ताव आणि त्यांच्यावर छापलेले दोनशे बारा भाग. मुलगी सूचना वाचायला बसली. "बाबा, आधी जहाजाचा सांगाडा आणि बाहेरचा भाग. एक ते अडतीस. काळ्या रेषेवर बरोबर कापा, असं लिहिलंय."

मास्तर हसले. "रेषेवर? हे लिहिणाऱ्यानं कधी कात्री हातात धरली नसणार. रेषेवर कापलं तर शिलाई कुठे मारायची? अर्धा इंच बाहेरून घ्यायचं."

"बाबा, शिलाई नाहीये. डिंक आहे."

"तरी सोडलेली बरी. पुढेमागे सैल करायचं झालं तर?"

"कोणाला, युद्धनौकेला?"

पण मास्तरांची कात्री एकदा चालू लागली, की ती कुणाचं ऐकत नसे. त्यांनी अडतीसच्या अडतीस भाग अर्धा इंच माया सोडून कापले. पंख्याच्या वाऱ्यानं ते उडू लागले, तेव्हा मास्तरांनी तीस वर्षांच्या सवयीनं जे करायचं तेच केलं. फळीवरचं कापड काढून टेबलावर पसरलं आणि एकेक कागद टाचण्यांनी त्यावर टाचून ठेवला. कापड जावईबापूंचं होतं. नाहीतरी ते रोज एकदा काढायचंच असायचं. मग ते जेवायला गेले.

शुक्रवारी सकाळी मास्तर डिंक आणायला बाजारात गेले असताना कारागीर आला. हा कारागीर मास्तरांहून म्हातारा होता. जाड भिंगाच्या चष्म्यामुळे त्याला सगळे चष्मेवाले म्हणत. चष्मेवाल्यांचा नियम एकच होता. कापडावर कागद टाचलेला दिसला की कापायचं, आणि विचारायचं काही नाही, कारण विचारलं की मास्तर ओरडतात. त्यांनी सगळे भाग शिस्तीत कापले, टाचण्या काढल्या, कागद एका बाजूला रचून ठेवले आणि कापलेल्या कापडाचं बोचकं बांधून फळीवर ठेवलं.

मास्तर परतले ते थेट नौकेला भिडले. रचलेले कागद बघून त्यांना वाटलं, लेकीनं टेबल आवरलं असेल.

मग चिकटवाचिकटवी सुरू झाली. अर्ध्या तासात लक्षात आलं, की नौका अंगावर बसत नाहीये. बाहेरचा कागद सांगाड्यावर सासऱ्याचा कोट घातल्यासारखा लोंबत होता. मास्तरांनी त्यावर एक पाऊल मागे येऊन, मान तिरकी करून विचार केला. "कमरेत सैल आहे," ते म्हणाले. "दोन टक्स घालू."

टक्स घातले. डिंकानं ते धरेनात, म्हणून ते मशीनवर मारून घेतले. मशीनखालून आलेल्या नौकेला इतक्या सुरकुत्या पडल्या होत्या, की ती युद्ध हरून आल्यासारखी दिसत होती. आता सुरकुत्यांवर मास्तरांना एकच उपाय माहीत होता.

"बाबा, नको!" मुलगी स्वयंपाकघरातून ओरडत आली, पण तोवर मास्तरांचं पाणी शिंपडून झालं होतं आणि गरम इस्त्री नौकेच्या नाकापासून शेपटीपर्यंत फिरली होती. इस्त्री उचलली तेव्हा युद्धनौका पूर्ण सपाट झाली होती आणि तिचा सगळा रंग खालच्या चादरीवर उतरला होता.

 बायकोनं गुपचूप ती चादर उचलली आणि धुवायला टाकली.

शनिवारी सकाळी मास्तर दुकानात खिन्न बसून होते. परीक्षा तर गेलीच होती. निदान जावईबापूंचं कापड एकदा शेवटचं बघावं, म्हणून त्यांनी बोचकं खाली काढून गाठ सोडली. आतून टेबलावर अडतीस तुकडे पडले. त्यातला एकही कोटाच्या बाहीसारखा नव्हता.

"चष्मेवाले!" मास्तरांचा आवाज चिरकला. "हे काय कापलंय?"

"तुम्ही टाचलं होतं तेच," चष्मेवाले शांतपणे म्हणाले. "कट जरा वेगळाच वाटला. गळा कुठे दिसेना. म्हटलं, नवीन फॅशन असेल."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. रविवारी पाच वाजता नौका नाही हे सांगायचं, आणि वर जावयाचं कापडही वाया घालवलं हे सांगायचं. आयुष्यात पहिल्यांदाच काजं-बटणांवर भागणार नव्हतं. त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

नुसतं बसवेना, म्हणून त्यांनी दोन तुकडे उचलून एकमेकांना लावून पाहिले. मग तिसरा. आणि त्यांची बोटं थांबली. कडेनं बरोबर अर्धा इंच माया होती. कागदाचा जिनं सत्यानाश केला होता, ती माया कापडाला जिथे हवी तिथेच होती.

"चष्मेवाले," मास्तर हळूच म्हणाले, "बकरम काढा. सगळ्यात कडक."

त्यानंतर त्या दुकानात जे घडलं, ते तिथे कधीच घडलं नव्हतं. मास्तर उठले नाहीत, गप्पा मारल्या नाहीत, आलेल्या गिऱ्हाइकाला काजं-बटणंसुद्धा सांगितली नाहीत. शनिवारी दिवसभर आणि रविवारी सकाळपासून मशीन चालत राहिलं. आत बकरमचं, कॉलरीत घालतात ते ताठ कापड घालून नौकेची बाजू भिंतीसारखी उभी राहिली. तोफांना रिकामी रिळं लागली. डोलकाठी म्हणून बायकोनं स्वतःची विणायची सुई आणून दिली, आणि तिच्यावरचा अर्धा विणलेला मफलर उसवून टाकला. आतून अस्तर लावायची काहीही गरज नव्हती, पण अस्तराशिवाय काम देणं मास्तरांच्या जिवावर आलं असतं.

रविवारी पाचाला पाच मिनिटं कमी असताना कप्तान, त्यांच्या पत्नी आणि जावईबापू दारात हजर झाले. मास्तर पाठमोरे बसले होते.

"काय मास्तर, झालं का जहाज?"

"झालंच आहे," मास्तर मान न उचलता म्हणाले. "फक्त काजं-बटणं राहिलीत."

कप्तानांनी खेदानं डोळे मिटले. मास्तरांच्या बायकोनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात मास्तरांनी दातानं दोरा तोडला आणि वळून नौका टेबलावर ठेवली. तिच्या दोन्ही अंगांना खिडक्या म्हणून बटणांची रांग होती आणि शेवटचं बटण आत्ताच लागलं होतं. मास्तर त्या दिवशी अक्षरशः खरं बोलले होते, आणि त्यावर कुणाचाही विश्वास बसला नव्हता.

भिंतीवरच्या घड्याळात पाचाला एक मिनिट कमी होतं.

कप्तानांनी चष्मा लावला. नौकेला सगळ्या बाजूंनी फिरून पाहिलं, शिवण ओढून बघितली, डेकखाली बोटं घातली आणि ते दचकले. "हा खिसा आहे?"

"आतला खिसा," मास्तर ओशाळून म्हणाले. "सवयीनं लागला."

"पण मी कागदाचं सांगितलं होतं."

"कागद..." मास्तरांनी नौकेवरचं एक बटण चाचपलं. पुढे एखादी थाप मारता आली असती, त्यांचा त्यात हातखंडा होता. पण समोर जावई उभा होता. "कागद मी इस्त्रीखाली जाळला म्हणा ना. आणि हे कापड कोटाचं आहे. जावईबापूंनी विश्वासानं दिलं होतं. माझ्या चुकीनं कापलं गेलं. मी भरून देईन, पण कोट तुम्ही खुशाल दुसरीकडे शिवा."

कप्तान मुलाकडे वळले. "म्हणजे मी इकडे परीक्षा घेतोय आणि तू आधीच पेपर फोडलास?"

जावईबापू नौकेच्या खिडक्यांची बटणं मोजू लागले.

"तरीही नियम तो नियम," कप्तान गंभीर होऊन म्हणाले. "वेळेत झालं, हे मान्य. पण कागदाचं नाही. तेव्हा कोटाचं असं आहे, की..."

"अहो," इतका वेळ शांतपणे चहा पिणाऱ्या त्यांच्या पत्नीनं कप खाली ठेवला. "तुमची किती झाली वेळेत?"

"इथे त्याचं काय?"

"नऊ जहाजं आहेत हो आमच्याकडे," त्या मास्तरांच्या बायकोला म्हणाल्या. "कपाटावर, पलंगाखाली, जिथे हात घालावा तिथे. अकरा वर्षं झाली. एकही पुरं नाही. विचारलं की म्हणतात, झालंच आहे, फक्त डोलकाठ्या राहिल्यात."

मास्तरांच्या बायकोच्या हातातला ट्रे हिंदकळला. दोघी विहिणींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि त्या क्षणी त्यांचं जे नातं जुळलं, ते लग्न ठरलं तेव्हाही जुळलं नव्हतं.

कप्तानांनी बराच वेळ घड्याळाकडे पाहिलं. मग नौकेच्या डोलकाठीवरून हळूच बोट फिरवलं. "सरळ बसलीय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "माझी नेहमी कलते." आणि जरा थांबून, "कोट कधी द्याल?"

मास्तरांनी तसंच कापड सोमवारी स्वतः जाऊन आणलं आणि कोट लग्नाच्या आठ दिवस आधी काजं-बटणांसकट तयार झाला. गावातल्या लोकांना हे खरं वाटेना. काही जण तर खात्री करायला लग्नाला आले आणि कोटाची बटणं लावून-काढून बघून गेले. जावईबापू त्या कोटात असे दिसत होते, की मास्तर सगळा वेळ मुलीऐवजी कॉलरकडेच बघत राहिले आणि त्यांचे डोळे ओले झाले.

आता दुकानाच्या वरच्या फळीवर नऊ जहाजं आहेत. कप्तानांनी ती पुरी करायला मास्तरांकडे टाकली आहेत. दर रविवारी ठीक पाच वाजता ते येतात, स्टुलावर बसतात आणि विचारतात, "काय मास्तर, कुठवर आलं?"

मास्तर मशीनवरून मान न उचलता सांगतात, "झालीच आहेत. फक्त डोलकाठ्या राहिल्यात."

कप्तानांना ते लगेच पटतं. ते समाधानानं मान हलवतात आणि चहा येईपर्यंत बसून राहतात.